जुन्या मोटारीच्या चाकांचा आवाज

गेल्या दिवाळीनंतर भोर तालुक्यातील एका शेतकरी बंधूंबरोबर नारायण पेठेत जुनी मोटार पाहण्यास जाण्याचा योग आला. इंद्रायणी तांदळाच्या विक्रीतून साठविलेली रक्कम त्यांच्या खिशात होती. केळकर रस्त्यावर गाडी मुकाट चालली आणि सौदा तेथेच ठरू लागला.

परंतु पेठेच्या गर्दीत गाडीस वेग येत नाही, आणि चाकाच्या बेअरिंगची घरघर तर वेगाबरोबरच वाढते. म्हणून आम्ही गाडी सातारा रस्त्यास नेली. ताशी ५० किलोमीटरच्या सुमारास घरघर सुरू झाली. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच बदलतो. हा बदलला नाही. उजवीकडे वळताना तो वाढे, डावीकडे वळताना मंदावे. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर पडतो, तेव्हा संशय डाव्या बेअरिंगचा. पुढे गॅरेजमध्ये गाडी जॅकने उचलून, खाली स्टँड लावून, ते चाक वरखाली धरून हलविले. ते ढिले लागले.

पेठेतील गल्ल्या इतर दोषांसाठी मात्र उपयोगी पडतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश चालविताना कटकट ऐकू आल्यास पुढील अ‍ॅक्सलचा सांधा झिजला असे समजावे. गतिरोधकावर खडखड झाल्यास बुश व बॉल जॉइंट तपासून घ्यावेत. बॉल जॉइंट निखळला तर चालत्या गाडीचे चाकच मुडपते. या खडखडीची हयगय करू नये.

मालकाने बेअरिंग बदलून दिल्यावर पैसे हातावर ठेवले.