द्राक्षाचा चोथा खाऊन कोंबड्यांचा उन्हाळा सुसह्य होतो का?

एप्रिल-मे महिन्यात विदर्भ, मराठवाडा, खानदेशात पारा ४० च्या पुढे गेला की पोल्ट्रीवाल्यांची झोप उडते. भर दुपारी लाइट गेली, पंखे थांबले, की विक्रीला आलेल्या कोंबड्या शेडमध्येच माना टाकायला लागतात. पक्षी जितका वजनदार, तितका त्याला उन्हाचा फटका जास्त. म्हणजे महिनाभर खाऊ घातलेलं सगळं ऐन विक्रीच्या वेळी पाण्यात.

आता दुसरीकडे बघा. नाशिकच्या वायनरींमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षं गाळली जातात आणि मागे उरतो साली, बिया आणि गराचा चोथा. एक टन द्राक्षांमागे साधारण २०० ते २५० किलो. हाच चोथा उन्हाळ्यात कोंबड्यांच्या कामी येऊ शकतो, असं संशोधक सांगतात.

पण कसं? त्यासाठी आधी कोंबडीला ऊन इतकं का बाधतं, ते समजून घेऊ.

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असतं. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत, वरून पिसांचं पांघरूण. मोठी कोंबडी १८ ते २४ अंशांत निवांत असते. तिशी ओलांडली की ती पंख पसरते, चोच उघडते आणि धापा टाकायला लागते. धापांमुळे वाफ बाहेर पडते, अंग थोडं थंड होतं. पण त्याबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइडही प्रमाणाबाहेर निघून जातो आणि रक्तातला आम्लाचा तोल बिघडतो. अंड्याचं कवच बनायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची येतात, त्याचं एक मोठं कारण हे. त्यात खाणं कमी झालेलं असतं, म्हणून वजनही वाढत नाही.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. उष्णतेच्या ताणात पेशींमध्ये फ्री रॅडिकल्स नावाचे उपद्रवी रेणू वाढतात. लोखंड गंजतं तशी पेशींची झीज सुरू होते. आतडं कमकुवत होतं, प्रतिकारशक्ती घटते. ही झीज रोखणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. कोंबडी सी व्हिटॅमिन स्वतःच्या शरीरात बनवते, पण कडक उन्हात ते पुरत नाही. म्हणून तर उन्हाळ्यात पाण्यातून सी आणि खाद्यातून ई व्हिटॅमिन देतात.

इथं चोथ्याचा नंबर लागतो. द्राक्षाच्या साली आणि बियांमध्ये पॉलिफेनॉल हे अँटिऑक्सिडंट भरपूर असतात. डाळिंबाच्या आणि संत्र्याच्या सालीतही असतात. रस काढला तरी त्यातला मोठा वाटा चोथ्यातच राहतो.

स्पेनमधल्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रॉयलर कोंबड्यांना एक किलो खाद्यामागे ६० ग्रॅमपर्यंत द्राक्षाचा सुका चोथा दिला होता. त्यांची वाढ खुंटली नाही आणि मांसातली अँटिऑक्सिडंट क्षमता वाढली. पुढे वेगवेगळ्या देशांत उष्ण शेडमधल्या कोंबड्यांवरही द्राक्ष, डाळिंब आणि लिंबूवर्गीय फळांच्या साली वापरून प्रयोग झाले. काहींमध्ये चांगला फरक पडला, काहींमध्ये फारसा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चोथा कोंबडीला थंड करत नाही. तो फक्त उष्णतेमुळे आत होणारी झीज कमी करायला मदत करतो. ४२ अंशांत पत्र्याखाली कोंबलेल्या कोंबड्या चोथ्याने वाचणार नाहीत. त्यांना खेळती हवा, छतावर गवत किंवा पांढरा रंग, फॉगर आणि दिवसभर गार पाणी लागतं. भर दुपारी खाद्य न देता पहाटे आणि संध्याकाळी द्यावं लागतं. चोथा या सगळ्यानंतर येतो.

दुसरी गोष्ट, फुकट मिळतो म्हणून घमेल्यानं ओतायचा नाही. चोथ्यात टॅनिन आणि तंतू जास्त असतात. प्रमाण वाढलं की टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, पचन बिघडतं आणि वजन उलट घटतं.

तिसरी गोष्ट, ओला चोथा धोक्याचा. दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशी चढते आणि बुरशीचं विष कोंबड्यांचा जीवही घेऊ शकतं. त्यामुळे लगेच पसरून कडकडीत वाळवायचा, दळायचा आणि कोरड्या जागी ठेवायचा. फवारणीचे अंश सालीवर राहतात, म्हणून माल कुठल्या बागेतला, हेही विचारून घ्यायचं.

मग हे कोणाच्या उपयोगाचं? करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्यांना खाद्य कंपनीच देते, त्यात त्यांनी परस्पर काही मिसळायचं नसतं. पण जे लेअर किंवा गावरान कोंबड्या पाळतात आणि खाद्य स्वतः बनवतात, त्यांना हा प्रयोग करता येईल. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, एक टन खाद्यात १०-२० किलो इतक्या कमी प्रमाणापासून आणि आधी थोड्याच पक्ष्यांवर. शेजारी तेवढेच पक्षी नेहमीच्या खाद्यावर ठेवायचे आणि महिनाभर दोन्हीकडचं खाद्य, अंडी, वजन आणि मरतूक वहीत लिहायची. आपल्या शेडमध्ये चोथा परवडतो की नाही, ते त्या वहीतच कळेल.