चेन्नईहून अंदमान, शिडाच्या होडीतून
चेन्नई बंदरातल्या रॉयल मद्रास यॉट क्लबात (स्थापना १९११) एक कुटुंब अंदमानला निघायच्या तयारीत भेटलं. आई डबे भरत होती, लेक शिडाची शिवण तपासत होती. ⛵

मुहूर्त: ऑक्टोबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांची भीती, म्हणून जानेवारी ते मार्च बरा. तेव्हा ईशान्येचा वारा डावीकडून, तिरका समोरून येतो. होडी कलते, मुलांना उलट्या होतात. आल्याच्या वड्या हव्यातच.

अंतर: सुमारे १,३५० किलोमीटर. ताशी नऊ किलोमीटरच्या वेगाने सहा-सात दिवस.

पाणी: माणशी रोज तीन-चार लिटर, वर राखीव साठा.

रात्र: तीन-तीन तासांच्या पाळ्या. डेकवर एकटं असताना सुरक्षा पट्टा होडीला बांधलेलाच.

तटरक्षक दलाची हेल्पलाइन: १५५४.