बोटांची पेरे आणि उष्णतेचे चित्र

स्तनाच्या कर्करोगाची चाचणी कोणत्या साधनाने करावी, हा प्रश्न मोठ्या शहरात विचारला तर त्याचे उत्तर बहुधा यंत्रांच्या परिभाषेतच मिळते. चंदगड तालुक्यात तोच प्रश्न विचारला की त्यात पाऊस येतो, एस.टी.चे वेळापत्रक येते, विजेचा लपंडाव येतो आणि परक्या माणसापुढे पदर सरकवताना जिवावर येणारा संकोच येतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात मोडणारा हा मुलूख तेव्हापासून कोल्हापूरच्या दप्तरी रुजू झाला असला, तरी जिल्ह्याचे ठिकाण येथून शंभर किलोमीटरहून दूर आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, त्यामुळे दुखणे बळावले की घरातली माणसे अजूनही पहिली वाट बेळगावचीच धरतात. भात, नाचणी, ऊस आणि काजू यांवर जगणाऱ्या या डोंगराळ तालुक्यातील एका आरोग्य उपकेंद्रात, तपासणीस आलेल्या बायकांच्या संमतीने बसून, मी हे काम जवळून पाहिले. आणि 'स्पर्श नाही, वेदना नाही, क्ष-किरण नाहीत' अशा शब्दांत हल्ली जिची भलामण होते त्या थर्मोग्राफीविषयी माझे जे मत बनले, ते पुष्कळसे त्या खोलीत बनले.

काम दिसायला साधे आहे. आशाताई घरोघर जाऊन तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचा सी-बॅक फॉर्म भरून घेतात. छातीत गाठ आहे काय, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो काय, आकारात फरक पडला आहे काय, असे प्रश्न त्यात असतात आणि ओसरीवर, सासूच्या देखत, त्यांची उत्तरे बहुतेक सगळी 'न्हाई' अशीच येतात. तीच बाई उपकेंद्रात आली, दाराला आतून कडी लागली आणि सिस्टर म्हणाल्या, "काकू, पोलकं काढून बसा जरा, दुसरं कोण न्हाई हितं," की उत्तरे बदलू लागतात. काजूच्या कारखान्यात बिया फोडणारी, टरफलाच्या तेलाने बोटे काळवंडलेली एक बाई प्रथम गुडघेदुखीचेच बोलत राहिली आणि मग, जणू आठवण झाली म्हणून, म्हणाली, "एक गुठळी हाय बाई, पर दुखत न्हाई, म्हणून आले न्हाई." आरंभीच्या अवस्थेत कर्करोगाची गाठ बहुधा दुखतच नाही, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेले सत्य किती घरांच्या उंबऱ्याबाहेरच थांबले आहे, हे त्या एका वाक्याने मला जितके कळले तितके कोणत्याही अहवालाने कळले नसते.

सिस्टर हात धुतात आणि पावसाळी हवेत गार पडलेले तळवे एकमेकांवर चोळून घेतात. प्रथम केवळ पाहणे: हात बाजूला सोडून, मग डोक्यावर उचलून, मग कमरेवर दाबून, कारण कातडीवरची खळी किंवा आत ओढले गेलेले स्तनाग्र कधीकधी हात उचलल्यावरच प्रकट होते. नंतर बाईला आडवे निजवून, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नव्हे, लहान वर्तुळे काढीत त्या गळ्याच्या हाडापासून खाली आणि खालून पुन्हा वर अशा उभ्या पट्ट्यांनी सरकतात. शेतात औत जसे तास न सोडता फिरते तसे. प्रत्येक ठिकाणी दाब तीनदा बदलतो: आधी कातडीपुरता, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत. अखेरीस काख आणि गळ्याच्या हाडावरची खोलगट जागा. घाईने उरकता येईल असे हे काम नव्हे, आणि सिस्टरांनी ते एकीच्याही बाबतीत घाईने उरकले नाही, बाहेर बाके भरलेली असतानाही.

थर्मोग्राफीचे आकर्षण या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे. ज्या समाजात स्त्री आपल्या देहाविषयी डॉक्टरांपुढेही मोकळेपणी बोलत नाही, तेथे कोणी हात न लावता, यंत्राच्या थंड पट्ट्यांत अवयव न दाबता, केवळ दुरून छायाचित्र घेऊन निदान होईल असे आश्वासन मिळाले, तर ते हवेहवेसे वाटणे अत्यंत स्वाभाविक आहे, आणि त्याची उपेक्षा करणाऱ्यांना ह्या बायकांची अडचण कळलेली नाही असेच मी म्हणेन. त्यामागील तत्त्वही पोकळ नाही. वाढणारी अर्बुदग्रंथी आपल्या पोषणासाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते, तेथील चयापचय वाढतो आणि वरच्या त्वचेचे तापमान किंचित चढते. माँट्रिअलचे शल्यविशारद रे लॉसन यांनी १९५६ मध्ये अशा रुग्णांच्या त्वचेवरील ही वाढ नोंदवली आणि त्यातूनच ही पद्धत उदयास आली. अवरक्त किरण टिपणारा कॅमेरा अंशाच्या दहाव्या भागाइतका फरकही दाखवतो.

परंतु तो दाखवतो ती उष्णता, गाठ नव्हे. उष्णता मासिक पाळीने वाढते, अंगावर पाजणाऱ्या मातेची वाढते, गळवाने वाढते. आणि खोलवर दडलेली, मंदगतीने वाढणारी गाठ त्वचेला काहीच कळू देत नाही असेही घडते. अमेरिकेत १९७३ पासून सुमारे २,८०,००० स्त्रियांवर राबवलेल्या मोठ्या तपासणी-प्रकल्पात थर्मोग्राफीचा समावेश होता. तेथे निम्म्याहून अधिक कर्करोग तिच्या नजरेतून निसटले आणि काही वर्षांतच तिला त्या प्रकल्पातून वगळावे लागले. त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८२ मध्ये तिला मान्यता दिली ती इतर चाचणीला जोड म्हणून, आणि मॅमोग्राफीऐवजी तिच्यावर विसंबू नये असा इशारा त्यानंतर वेळोवेळी दिला आहे.

शिवाय या चाचणीच्या अटी पाहा. खोलीचे तापमान वीस अंशांच्या आसपास स्थिर हवे. पंख्याचा झोत अंगावर नको. बाईने दहापंधरा मिनिटे कमरेवरचे वस्त्र काढून शांत बसले पाहिजे. नुकताच गरम चहा घेतलेला नसावा, अंगाला तेल चोळलेले नसावे. आषाढात चिखलातून रोपे लावून, इरले डोक्यावर घेऊन, भिजत आलेली बाई, किंवा चुलीपुढून उठून धावत आलेली बाई, या अटींत कशी बसावी? आणि कमरेवरचे वस्त्र काढून कॅमेऱ्यासमोर पाव तास बसायचेच असेल, तर ज्या संकोचाच्या निवारणासाठी ही पद्धत पुढे केली जाते तो संकोच कितीसा टळला?

मॅमोग्राफीची बाजू अधिक भक्कम आहे. स्वीडनमधील दोन परगण्यांत १९७७ मध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध चाचणीने तपासणीस बोलावलेल्या स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाल्याचे दाखवले. हाताला न लागणारे सूक्ष्म चुनकण तिला दिसतात. तिची उणीव अशी की तरुण स्त्रीच्या दाट ऊतींत गाठ आणि भोवतालचा भाग दोन्ही पांढरेच उमटतात, आणि आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात गाठतो. तेथे सोनोग्राफीची मदत लागते. उपकेंद्रात तर ही दोन्ही यंत्रे नाहीतच.

म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने केलेले काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचे दोन गट करून, एका गटाची दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हातांनी तपासणी केली. वीस वर्षांचा हिशेब डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रोगाचे प्रमाण ३७ टक्के, न तपासलेल्या गटात ४७ टक्के. एकंदर मृत्यूंतील पंधरा टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरली नाही, हेही त्यांनी स्वच्छ लिहिले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र ती सुमारे तीस टक्के भरली. येथे एक सावधगिरी हवी: बाईने स्वतःच दरमहा तपासणे म्हणजे हेच, असे समजू नये. शांघायमधील २,६६,००० वर गिरणी-कामगार स्त्रियांपैकी सुमारे निम्म्याजणींना स्वतपासणी शिकवली, तरी त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. स्वतःच्या देहात झालेला बदल ओळखून वेळेवर दाखवणे इष्टच आहे, पण शिकलेल्या हाताची जागा त्याने भरून निघत नाही.

सरकारने २०१६ च्या आराखड्यात तीस वर्षांवरील प्रत्येकीची दर पाच वर्षांनी अशी हस्ततपासणी ठरवून दिली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जिची छाती कधीतरी तपासली गेली होती अशी देशभरात हजारात नऊजणींहून अधिक आढळली नाही. हा आकडा वाचल्यावर यंत्रांच्या तुलनेचा सारा वाद मला क्षणभर परका वाटला.

नव्या थर्मोग्राफीविषयी मी दार बंद करीत नाही. बंगळूरुच्या निरामईसारख्या संस्थेने २०१६ पासून उष्णतेच्या चित्रांचे वाचन संगणकाकडे सोपवून डोळ्यांची चूक कमी करण्याचा उद्योग आरंभला आहे आणि रुग्णालयांतील अभ्यास आशा वाढवणारे आहेत. पण रुग्णालयात आधीच लक्षणे घेऊन आलेल्या स्त्रियांत रोग ओळखणे निराळे, आणि गावोगावच्या निरोगी दिसणाऱ्या स्त्रियांना तपासून वर्षानुवर्षे मृत्यू मोजणे निराळे. हा दुसरा हिशेब थर्मोग्राफीने अद्याप मांडलेला नाही.

काजूच्या कारखान्यातील त्या बाईच्या नावापुढे सिस्टरांनी नोंदवहीत गाठीचे माप आणि जागा लिहिली, शिफारशीची चिठ्ठी दिली, आणि बाईने पहिला प्रश्न विचारला तो रोगाविषयी नव्हता. "बेळगाव का कोल्हापूर?" आणि त्यापाठोपाठ, "सोबत कोण येनार? माझा रोज बुडतोय." महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचा खर्च निघतो, सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईने घेतलेल्या तुकड्याची तपासणी होईपर्यंतच्या फेऱ्या, भाडे आणि बुडालेली मजुरी मात्र तिच्याच पदरी पडते, आणि गाठ सापडल्यावरही बायका हरवतात त्या याच टप्प्यावर. उद्या कोणी या तालुक्यात उष्णतेच्या चित्रांचे शिबीर भरवायला आले, तर चित्र निर्दोष आलेल्या बाईला 'तरीही सिस्टरांचा हात लागू दे' असे ते लेखी सांगणार आहेत काय, आणि चित्र सदोष आलेल्या बाईच्या प्रवासाची व रोजाची तजवीज कोणत्या खात्यातून करणार आहेत, हे आधी विचारून घ्यावे, आणि उत्तर कागदावर मिळाल्यावाचून ग्रामपंचायतीने त्यांना सभागृहाची किल्ली देऊ नये.