इशिगामीला चेहरे दिसू लागतात तेव्हा

प्रेमाची विनोदी मालिका गाजली की तिच्या दुसऱ्या पर्वापुढे एक पेच हमखास उभा राहतो. नायक-नायिकेनं प्रेमाची कबुली दिली तर गोष्ट संपते आणि नाही दिली तर प्रेक्षक वैतागतो. 2019 च्या जानेवारीत जपानमध्ये सुरू झालेल्या 'कागुया-सामा: लव्ह इज वॉर' या ॲनिमे मालिकेपुढे हा पेच दुप्पट अवघड होता. कारण कबुली न देणं हाच तिचा विषय. शुचिइन नावाच्या श्रीमंतांच्या शाळेत विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष मियुकी शिरोगाने आणि उपाध्यक्ष कागुया शिनोमिया एकमेकांवर जीव टाकतात. पण दोघांची हुशारी आणि अहंकार असा की जो आधी बोलेल तो हरला, असं दोघांनीही मनाशी ठरवून टाकलेलं. सिनेमाची तिकिटं असोत की डब्यातला एखादा पदार्थ, प्रत्येक गोष्टीचा डावपेच होतो. युताका आओयामा या कलावंताच्या भारदस्त आवाजातला निवेदक युद्धाचं वर्णन करावं तसं ते सगळं सांगतो आणि शेवटी आज कोण जिंकलं, कोण हरलं याचा निकालही लावतो.

आता असल्या गोष्टीला पुढं न्यायचं कसं? एप्रिल 2020 मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वानं जे उत्तर शोधलं, ते पाहून मी अक्षरशः थक्क झाले. नायक-नायिका जिथल्या तिथं राहतात आणि सरकतात ती कडेची माणसं. त्या कडेच्या माणसांच्या सरकण्यानंच मधलं प्रेम खोल होत जातं.

यासाठी आधी यू इशिगामीला भेटायला हवं. परिषदेचा खजिनदार, नायकापेक्षा एक वर्ष मागे. केसांची झुलपं एका डोळ्यावर, गळ्यात हेडफोन, हातात व्हिडिओ गेम. पहिल्या पर्वात तो जरा उशिराच पुढं येतो आणि येतो तो हसवायलाच. काहीतरी वाईटसाईट बोलून जातो, मग स्वतःच खजील होतो आणि 'आता मरावंसं वाटतंय, घरी जातो' असं म्हणत दाराबाहेर पडतो. कागुयाची तर त्याला इतकी दहशत की एक दिवस ती आपला जीव घेणार याची त्याला खात्रीच असते. आपल्या दिवाणखानी नाटकांत रामा गडी येतो, एक टाळीचं वाक्य टाकतो आणि विंगेत जातो, तसाच हा. विंगेत गेल्यावर रामा काय करतो, असं आपण कधी विचारलेलं नसतं. इशिगामीच्या बाबतीतही पहिल्या पर्वाच्या अखेरपर्यंत कुणी ते विचारत नाही.

दुसरं पर्व ते विचारतं, पण थेट नाही. आधी मिको ईनोला पुढं आणतं. ईनो शिस्त समितीची. इशिगामीचे केस, हेडफोन, गेम यावरून रोज त्याच्याशी तिची खडाजंगी. अभ्यासात पहिली, नियमांना पक्की आणि लोकांमध्ये अतिशय नावडती. ती शिरोगानेविरुद्ध अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभी राहते. तिचा एक मुद्दा असा की मुलांनी डोक्याचा गोटा करावा! व्यासपीठावर गेल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, मान खाली जाते, सभागृहात हसू पसरायला लागतं. लहानपणापासून अशा निवडणुका हरलेली मुलगी आणखी एकदा सगळ्यांसमोर कोलमडणार, हे आपल्याला दिसत असतं.

आणि शिरोगाने, ज्याला फक्त गप्प उभं राहिलं तरी पुरलं असतं, तो तिच्याशी वाद घालायला लागतो. गोटाच का? त्यानं नेमकं काय साधणार? ईनोला वादात ओढलं की तिला समोरच्या गर्दीचं भान राहत नाही. ती मान वर करते, ताड ताड उत्तरं देते आणि आपण शेकडो लोकांसमोर बोलतोय हे विसरूनच जाते. निवडणूक शिरोगानेच जिंकतो, पण ईनोला कुणी हसत नाही. तिला असं सावरायची विनंती त्याला केली कुणी, तर इशिगामीनं. जिच्याशी त्याचं एक मिनिट पटत नाही तिची आपली माणसं टिंगल करणार, हे त्याला सहन होत नव्हतं. पुढं ईनो परिषदेतच येते आणि दोघं एकाच खोलीत रोज भांडायला मोकळे होतात.

तोवर हे सगळं छान, हलकंफुलकं वाटतं. मग क्रीडामहोत्सव येतो.

अकरावा भाग जून 2020 मध्ये आला. विनोदी मालिकेनं आपला जवळजवळ सगळा वेळ एका दुय्यम पात्राच्या भूतकाळाला द्यावा, तोही पर्व संपायला एकच भाग उरलेला असताना, ही हिंमतच म्हणायची. इशिगामी चक्क चिअर पथकात सामील झालेला असतो. एकलकोंड्या मुलानं एकदा तरी माणसांत मिसळून पाहावं म्हणून. पण पथकातली ती उत्साही, गोंगाट करणारी मुलं त्याला कशी दिसतात? नाक-डोळे नसलेली. चेहऱ्यांच्या जागी नुसती सावली. दिग्दर्शक मामोरु हाताकेयामा यांची ही किमया मला फार मोठी वाटते. एरवी या मालिकेत जरा काही झालं की चित्राची शैलीच बदलते, रंग उसळतात, पडदा भुईचक्रासारखा फिरतो. इथं त्यांनी उलटं केलं. चित्रातून एक गोष्ट काढून घेतली. मुलाला लोक दिसत नाहीत हे सांगायला एक संवादही लागला नाही.

ऐन मैदानात क्योको ओतोमो नावाची मुलगी समोर येते आणि मागचं सगळं उलगडतं. माध्यमिक शाळेत ओतोमो ही इशिगामीशी साधेपणानं बोलणारी वर्गमैत्रीण. तिचा मित्र ओगिनो तिला फसवतोय हे इशिगामीला कळतं. जाब विचारल्यावर ओगिनो ओतोमोलाच इजा पोचवायची धमकी देतो आणि इशिगामी त्याच्यावर तुटून पडतो. वर्गाला दिसतं ते एवढंच की हा विचित्र मुलगा दुसऱ्याच्या मैत्रिणीच्या मागं लागून मारामारी करतोय. ओतोमोलाही तेच दिसतं. खरं सांगितलं तर तिचीच बदनामी होईल, म्हणून तो तोंड मिटून घेतो. शाळा त्याला घरी बसवते. परत यायचं तर माफीचं पत्र लिहून दे. तो कागद पुढ्यात घेऊन महिनोन्महिने बसतो आणि त्याच्या हातून ते लिहून होत नाही.

घरी येतो तो शिरोगाने. नुकताच परिषदेत आलेला, शोध घेऊन खरं काय ते समजलेला. तो इशिगामीला आधी सांगतो की तुझा हेतू साधलाय, ती मुलगी सुटलीये. मग त्या कोऱ्या कागदावर भल्यामोठ्या अक्षरांत तो माफीऐवजी एक सणसणीत शिवी लिहितो. गप्प बस, मूर्खा, अशा धर्तीची. हेच द्यायचं शाळेला.

क्रीडामहोत्सवाच्या मैदानावर ओतोमो पुन्हा त्याला टाकून बोलते तेव्हा त्याच्या तोंडून तेच शब्द निघतात. तो रिलेची शेवटची फेरी पळतो आणि हरतो. रडत उभा असताना पथकातली मुलं त्याच्याभोवती गोळा होतात आणि आता, पहिल्यांदा, त्यांना नाक-डोळे आहेत. कुणाच्या डोळ्यांत पाणी, कुणी पाठीवर थाप मारतंय. भागाचं नाव असं की इशिगामीनं डोळे मिटले. त्यामुळं ते उघडतात तेव्हा आपल्यालाही लख्ख दिसायला लागतं. आणखी एक गोष्ट हळूच कानावर पडते. शाळेनं घरी बसवलं होतं तेव्हा इशिगामीला वरच्या वर्गात जाऊ द्या म्हणून शिक्षकांशी भांडली होती ती ईनो. इशिगामीला हे ठाऊक नाही. ओतोमोला तर काहीच ठाऊक होत नाही. ती हसत-खिदळत निघून जाते आणि मालिका तिला शिक्षाही देत नाही. मला हे फार आवडलं.

आता मूळ पेचाकडे बघा. या पर्वात कागुया आणि शिरोगाने यांच्यात कबुली होत नाही. तरीही अकरा भागांनंतर शिरोगाने आपल्याला वेगळा माणूस वाटायला लागतो. पहिल्या पर्वात तो हुशार, कष्टाळू, थोडा बढाईखोर. आता तो प्रतिस्पर्ध्याला सावरणारा आणि मुलाच्या दारात जाऊन उभा राहणारा मुलगा आहे. कागुया त्याच्यावर का भाळली हे कुणी समजावून सांगत नाही, पण आता ते विचारावंसंही वाटत नाही. तीच गोष्ट तिची. जिला बघून इशिगामी थरथरतो, ती चिअर पथकासाठी त्याला आपला शाळेचा गणवेश देते आणि परीक्षा आली की त्याला समोर बसवून अभ्यासाला लावते. नायक-नायिका एकमेकांशी कशी वागतात यात डावपेच असतो. धाकट्यांशी कशी वागतात यात तो नसतो. तिथंच ती खरी दिसतात, आपल्याला आणि एकमेकांनाही.

सगळ्यांनाच हा न्याय मिळतो असं नाही. परिषदेची सचिव चिका फुजिवारा अजून बहुतेक वेळ गोंधळ घालायलाच येते आणि कागुयाची सेविका हायासाका हिच्या वाट्याला मोकळी जागा येते ती 2022 च्या तिसऱ्या पर्वात. पण मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, लिहिणाऱ्या आका आकासाका यांनी इशिगामीसाठी काय काय पेरून ठेवलं होतं, ते कळलं तेव्हा मी पुन्हा एकदा चकित झाले.

कागुया हे नाव जपानची एक अतिशय जुनी कथा 'ताकेतोरी मोनोगातारी' हिच्यातून आलंय. ती नवव्या-दहाव्या शतकाच्या आसपासची मानली जाते. बांबूच्या पेरात सापडलेली राजकन्या कागुया, तिला मागणी घालणारे पाच जण आणि प्रत्येकाला तिनं सांगितलेली अशक्य वस्तू. त्यातल्या एका सरदाराच्या आडनावाची अक्षरं इशिगामीच्याच आडनावाची. त्याला आणायचं असतं पाकोळीच्या घरट्यातलं कोयासु नावाचं कवड्याच्या जातीचं शिंपलं. घरट्यात हात घालताना तो उंचावरून पडतो, मुठीत येते ती पाखराची विष्ठा आणि त्या दुखापतीतून तो उठत नाही. आता चिअर पथकात इशिगामी पुढं जिच्या प्रेमात पडतो त्या मुलीचं नाव पाहा. त्सुबामे कोयासु. त्सुबामे म्हणजे पाकोळी. तिसऱ्या पर्वात सांस्कृतिक महोत्सवात तो तिला बदामाच्या आकाराचं बिस्किट देतो. त्या शाळेत बदाम देणं म्हणजे प्रेमाची कबुली, हे त्याला माहीतच नसतं. जुन्या कथेत या पाचांपैकी त्या एकाच सरदाराबद्दल राजकन्येला थोडी दया येते आणि ती त्याची विचारपूस करते. कागुयानं इशिगामीलाच का अभ्यासाला बसवलं असेल, याचा धागा असा हजार वर्षं मागं जाऊन मिळतो.

दुसरं पर्व पाहून झालं की पहिल्याचा सहावा भाग पुन्हा लावून बघा. 'घरी जातो' म्हणणारा तो मुलगा तेव्हाही तितक्याच मरगळल्या आवाजात बोलतो आणि शिरोगाने त्याला थांबवतो. तेव्हा आपण फक्त हसलो होतो. शिरोगानेला सगळं आधीपासून माहीत होतं.