घराविषयी काहीतरी सांगा

निरक्षर म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती तपासायची कशी? जगभर चालणाऱ्या चाचणीत तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, एक वाक्य लिहून घेतात. शाळेची पायरी न चढलेली आजी यात नापासच होणार, मग तिची आठवण कितीही लख्ख असो. म्हणून १९९०च्या दशकात डॉ. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांसाठी हिंदीतून वेगळी चाचणी बसवली. लक्षात ठेवायला आंबा, खुर्ची, नाणं. वजाबाकी विसातून तीन-तीन. आणि वाक्य लिहिण्याऐवजी, ‘तुमच्या घराविषयी काहीतरी सांगा.’

धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला हे विचारलं तर वडीलधारी माणसं आधी विचारतील, कुठलं घर? भूकंपाआधीचं की नंतरचं?

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गावं झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी सरे आणि हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं ते ओझंच अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून जवळपास १० हजार माणसं गेली. पुढे सास्तूरसह ५० हून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रेषेतले रुंद रस्ते आले, घराघरांत अंतर आलं, भावकीच्या गल्ल्या मोडल्या. तेव्हा तिशीत असलेली पिढी आज साठी ओलांडून गेली आहे. मेंदूच्या म्हातारपणाचं संशोधन याच पिढीच्या दारात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्याची कारणं जपानमध्ये सापडतात.

तिथे २०११च्या भूकंप-त्सुनामीच्या सात महिने आधी इवानुमा शहरातल्या ६५ वर्षांवरच्या लोकांची पाहणी योगायोगाने झाली होती. अडीच वर्षांनी संशोधक पुन्हा गेले. ज्यांच्या घराचं नुकसान जास्त, त्यांची बुद्धी अधिक घसरलेली दिसली. नातलग किंवा मित्र गमावण्याशी मात्र तसा संबंध आढळला नाही. घर गेलं की शेजार जातो, येता-जाता होणारं बोलणं थांबतं, मन खचतं. या घसरणीचा काही भाग त्यातूनच आला होता. माणूस गेल्याचं दुःख लहान असतं असा याचा अर्थ नाही. पण ओट्यावरच्या गप्पांना मेंदूच्या आरोग्यात केवढी जागा आहे, हे पुनर्वसनाचे नकाशे आखताना कोणी मोजलं होतं?

जवळच्याच सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठाकडे काही तरुणांच्या मेंदूच्या भूकंपापूर्वीच्या एमआरआय प्रतिमा होत्या. भूकंपानंतर काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा धसका घेतलेल्यांत डोळ्यांच्या वरच्या अंगाचा, भावना आवरणारा पुढचा भाग आकसलेला दिसला. वर्षभराने तो बराच भरून आला. मेंदूला सावरता येतं, हे प्रतिमेत दिसणं मला फार मोलाचं वाटतं.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनचे अणुगर्भ जोरदार चुंबकाच्या क्षेत्रात एका दिशेला वळतात, रेडिओलहरींनी ते हलवले की परत येताना संकेत देतात, त्यातून चित्र उभं राहतं. म्हातारपणी संशोधकांची नजर आधी जाते हिपोकॅम्पसकडे. कानशिलांच्या आत दोन्ही बाजूंना असलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा हा भाग नव्या आठवणी रुजवतो. उतारवयात तो वर्षाला साधारण एक-दोन टक्के आकसतो, अल्झायमरमध्ये त्याहून वेगाने. याच यंत्राची दुसरी पद्धत, एफएमआरआय, रक्तातल्या प्राणवायूवरून मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते दाखवते. तीत एक सुखद गोष्ट दिसली. तरुण माणूस जे काम मेंदूच्या पुढच्या भागाच्या एका बाजूने करतो, तेच तल्लख राहिलेली काही वृद्ध माणसं दोन्ही बाजूंनी करतात.

प्रतिमेत आणखी एक खूण दिसते, पांढऱ्या द्रव्यातले पांढुरके ठिपके. बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब झाल्याची ती खूण. वाढलेला रक्तदाब हे त्याचं मोठं कारण, मधुमेहही त्यात भर घालतो. एमआरआयसाठी गावाबाहेरचा खर्चिक प्रवास आहे, पण रक्तदाब गावातच मोजता येतो. म्हणून सुरुवात तिथूनच व्हावी.

देशपातळीवर चित्र काय आहे? मुंबईच्या देवनारमधील लोकसंख्या विज्ञान संस्था ज्यात सहभागी आहे त्या ‘लासी’ या वृद्धत्वाच्या पाहणीच्या स्मृतिभ्रंशविषयक भागात ६० वर्षांवरच्या ४,०९६ जणांची तपासणी झाली. अंदाज निघाला ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. प्रमाण खेड्यांत शहरांपेक्षा आणि बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी हैदराबादेत ६४८ रुग्ण अभ्यासले. २०१३ मध्ये त्यांनी मांडलं की एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला, निरक्षरांतही. कर्नाटकची सीमा जवळ असलेल्या सास्तूरच्या पट्ट्यात मराठीबरोबर कन्नड आणि दखनी कानावर असते. या लोकांना ते बळ मिळालं आहे का, हे तपासण्याजोगं आहे.

अशा कामाचा नमुना दूर शोधायला नको. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात बंगळूरच्या मेंदू संशोधन केंद्राने खेड्यांतल्या १० हजार माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करण्याचा प्रकल्प आखला. त्यात स्मृतीच्या चाचण्या आहेत, रक्ततपासणी आहे, एमआरआयही आहे. लोहारा आणि औसा तालुक्यांतल्या भूकंपग्रस्त गावांसाठी असंच काम मराठवाड्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी हाती घ्यावं. जुनं माळवदाचं घर ज्यांना आठवतं, त्यांच्यातले सगळ्यात धाकटेही आता पस्तिशीच्या पुढे आहेत.