भुताच्या गोष्टी आणि त्यांचे वाचक

कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत यावे ते वेतनकराराविषयी, फार तर महागाईविषयी बोलायला, अशी श्रोत्यांची समजूत असते. आम्ही भुताखेतांच्या गोष्टींविषयी बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले, तर एका मित्राने ‘मालकांना पिशाच म्हणणार असाल’ असा टोमणा मारला. ते काम मार्क्सने १८६७ सालीच करून ठेवले आहे; भांडवलाला त्याने रक्तशोषक पिशाचाची उपमा दिली आहे. आम्हांला बोलायचे आहे ते या गोष्टी वाचणाऱ्या माणसांविषयी, आणि त्याआधी आमच्या हातून झालेल्या एका चुकीविषयी.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या भागात आमच्या संघटनेची कचेरी आहे. तिथे एक लोखंडी कपाट आहे, तेच आमचे वाचनालय. पुस्तके साडेतीनशेच्या आसपास, देवघेवीची नोंदवही एक, वर्गणी नावापुरती. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते अशाच कपाटांतून झाले. त्यामुळे कपाटात काय असावे याविषयी आमची मते जरा जास्तच ठाम होती. २००३ साली आम्ही नारायण धारपांची सगळी पुस्तके आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा बाहेर काढल्या, गोणीत भरल्या आणि माळ्यावर टाकल्या. कामगाराने इतिहास वाचावा, चरित्रे वाचावीत, अर्थशास्त्र वाचावे. भुते वाचून तो दैववादी होईल, असा आमचा हिशेब. कुणाला विचारले नाही. न विचारता निर्णय घेणाऱ्या मालकांविरुद्ध दर पंधरवड्याला गेटसभा घेणारे आम्ही!

तीन महिन्यांत नोंदवहीची पाने कोरी राहू लागली. अर्थशास्त्राला हात लावायला कुणी आले नाही. शेवटी रात्रपाळीच्या एका पहारेकऱ्याने दारातूनच विचारले, “भाऊ, धारप कुठं गेले?”

ज्यांचा या पुस्तकांशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नारायण धारप (१९२५–२००८) हे मराठी भयकथेतले सर्वांत वाचले गेलेले नाव. गल्लोगल्लीच्या वाचनालयांतून त्यांची पुस्तके पाने सुटेपर्यंत फिरली. त्यांच्या पुष्कळ कथांत अभद्र शक्ती साध्यासुध्या माणसाच्या घरात शिरते आणि ‘समर्थ’ नावाचा पुरुष तिला परतवून लावतो. मतकरींची (१९३८–२०२०) तऱ्हा निराळी. ‘खेकडा’ हा त्यांचा संग्रह चाळला तरी कळते, की त्यांचे भय बहुधा माणसाच्या मनातच दबा धरून असते. खेड्यातल्या दलितांवरील अत्याचाराविषयीचे ‘लोककथा ७८’ हे त्यांचे नाटक आम्ही कार्यकर्त्यांना आवर्जून वाचायला देत होतो, आणि त्याच लेखकाच्या कथा आमच्या गोणीत होत्या. ही विसंगती आमच्या ध्यानातच आली नव्हती.

असे आम्हीच वागलो असे नाही. पुढे वाचनात आले, की १९५४ सालच्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, गोर्बल्स नावाच्या दाट कामगारवस्तीत, शेकडो मुले संध्याकाळी दफनभूमीत शिरली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या सुरी. सात फूट उंच, लोखंडी दातांचा एक पिशाच दोन मुलांना खाऊन तिथे लपला आहे आणि त्याला शोधायचे आहे, अशी त्यांची खात्री! प्रत्यक्षात कुणाचेही मूल हरवलेले नव्हते. पोलिसांनी समजावून पाहिले, शेवटी पाऊस आला तेव्हा मुले पांगली. खापर फुटले ते अमेरिकेतून येणाऱ्या भयचित्रकथांवर. त्या पुस्तिकांविरुद्ध शिक्षक, चर्चची मंडळी आणि कम्युनिस्ट एकत्र आले. एरवी हे तिघे एका बाकावर बसायचे नाहीत! १९५५ साली ब्रिटिश पार्लमेंटने अशा पुस्तिकांविरुद्ध कायदा केला. मात्र लोखंडी दातांचे भूत तिथल्या जुन्या लोकसमजुतीत होते आणि मुलांच्या कवितेतही होते. लोखंडी दातांचा प्राणी तर बायबलातही आहे. शिवाय त्या दफनभूमीजवळ लोखंडाची भट्टी होती. तिच्या ज्वाळांनी रात्री आकाश तांबडे होई आणि धुरात थडग्यांच्या सावल्या हलत. आम्हां कारखान्यातल्या माणसांना तेवढ्यावरून ती संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहते. मुलांना विचारायला मात्र फारसे कुणी गेले नाही.

आम्ही गोणी खाली उतरवली आणि एका रविवारी वाचकांना बोलावले. सतरा जण आले. पहारेकरी म्हणाला, “मोकळ्या शेडमधे रात्री आवाज येतातच. पुस्तक वाचताना कळतं की भ्यायचं ते इथं, पानावर. मग बाहेर पत्रा वाजला तर तो पत्राच असतो.” पॅकिंग विभागातल्या एका बाईंचे म्हणणे असे, की घरभाडे, पोराची फी, दम्याची सासू या भीतींना शेवट नाही, पुस्तकातल्या भीतीला दोनशे पानांवर तरी शेवट असतो. निवृत्तीला आलेल्या एका फिटरकाकांना धारप मुळीच पटत नव्हते. “शेवटी समर्थ येणार आणि सोडवणार. आपल्याला कोण आलं सोडवायला?” मतकरींच्या गोष्टीत सोडवायला कुणी येत नाही, म्हणून त्या खऱ्या वाटतात, असा त्यांचा निवाडा. यावर पहारेकऱ्याचे आणि त्यांचे चांगलेच जुंपले. एका तरुणाने धारपांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९७५ सालच्या कादंबरीवरून घेतलेली आहे, अशी तक्रार केली. तक्रार खरी आहे. पण इतरांना तिचे काही वाटले नाही. माणसे आपली, बोली आपली, मग भूत कुठून आले ते कशाला पाहायचे, असे त्यांचे मत पडले.

२०२१ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. भयपटांची आवड असणाऱ्यांना कोरोनाच्या काळात मनस्ताप थोडा कमी झाला, असे तीत आढळले. एका पाहणीवर फार भिस्त ठेवू नये. पण भीतीचीही रंगीत तालीम होते, हे आमचा पहारेकरी आधीच सांगून गेला होता.

तरीही दैववादाची आमची शंका पुरती गेली नव्हती. तिची परीक्षा २०११ साली झाली. एका पत्राकामाच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर एका पोराची चार बोटे गेली. उत्पादन वाढावे म्हणून प्रेसचा गार्ड काढून ठेवलेला होता आणि प्रेस पायाच्या पॅडलवर चालत होता. पंधरा दिवसांनी त्याच प्रेसवर दुसऱ्याचा अंगठा गेला. प्रेस ‘लागलेला’ आहे अशी कुजबूज सुरू झाली आणि रात्रपाळीला तिथे कुणी उभे राहीना. व्यवस्थापनाने तत्परतेने काय केले? भटजी बोलावला, नारळ फोडला, प्रेसला हार घातला. खर्च हजाराच्या आत.

आम्ही धसका घेतला होता, की आमचे धारपवाले आता पुढे होऊन अंगारा लावतील. झाले उलटेच. पहिला आवाज उठवला तो ‘लुचाई’ची तक्रार करणाऱ्या त्याच तरुणाने. गेटसभेत तो म्हणाला, “भुताच्या गोष्टी मी दोनशे वाचल्यात. भूत गार्ड काढून ठेवत नाही.” सभा हसली आणि त्या हसण्याने कुजबूज मोडली. दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणे आणि गार्ड बसल्याशिवाय प्रेस चालवायचा नाही, असे ठरले. ती बसायला पाच महिने लागले, पण बसली. भुताची गोष्ट गोष्ट म्हणून वाचणारा आणि भुताच्या नावाने फसणारा ही दोन निराळी माणसे आहेत, हे आम्हांला त्या गेटवर कळले.

एवढ्यावर थांबलो असतो तर आम्ही स्वतःवर खूश राहिलो असतो. पण कपाटाची किल्ली हल्ली पॅकिंगमधल्या त्या बाईंकडे आहे, आणि त्यांनी निराळाच प्रश्न काढला. या गोष्टींत हडळ बाई, जखीण बाई, चेटकीण बाई. बाळंतपणात मेलेली, मूल नसलेली, नवऱ्याने टाकलेली. जिला जगताना छळले, तिचेच मेल्यावर भय का? आम्ही म्हटले, ताई, ही केवळ गोष्ट आहे. त्यांनी उत्तर दिले, की नंदुरबारकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारझोड होते, तीही एका गोष्टीवरूनच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. करणी करते असे म्हणून कुणाला छळणे त्या कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा पुस्तकांच्या कपाटाला लागू होत नाही, हे आम्ही सांगितले. त्यांना ते माहीत होते. पुस्तके काढा असे त्यांचे म्हणणेच नव्हते. जिला भूत केले तिच्या बाजूने लिहिलेली एकतरी गोष्ट या कपाटात आहे का, एवढेच त्यांना हवे होते.

आम्ही शोधायला बसलो. मतकरींच्या काही कथा त्यांनी बाजूला काढल्या, धारपांच्या पुष्कळशा परत ठेवल्या, एक-दोन पुस्तकांवरून फिटरकाकांशी वाद घातला. काका निवृत्त झाले तरी त्या दिवशी मुद्दाम आले होते. शेवटची बस गेली तरी कपाट उघडेच होते.