बिटकॉइनच्या नकाशावर रोहा का दिसत नाही?

बिटकॉइनचं जाळं जगात कुठे कुठे पसरलंय हे दाखवणारे नकाशे इंटरनेटवर सहज मिळतात. हजारो ठिपके, वर एक आकडा, खाली देशांची यादी. गुंतवणुकीचं आमिष दाखवणाऱ्यांनाही असा नकाशा फार सोयीचा. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा कागदावरच्या आकड्यांची किंमत पेणकरांनी स्वतःच्या ठेवींतून मोजली. म्हणून हा आकडा निघतो कसा, ते इथे नीट समजून घ्यायलाच हवं.

गैरसमज : जितके ठिपके, तितके बिटकॉइनवाले.

ठिपका म्हणजे नोड. जानेवारी २००९ पासूनचे सगळे व्यवहार स्वतः तपासणारा संगणक. मोबाइलच्या ॲपवरून नाणी घेणारा सहसा नोड चालवत नाही, आणि नोड चालवणाऱ्याकडे एकही नाणं नसू शकतं. नोड म्हणजे मायनिंगही (संगणन-शक्ती खर्चून नवी नाणी मिळवणं) नव्हे.

गैरसमज : वरचा आकडा म्हणजे अख्खं जाळं.

पेण, हमरापूर, जोहे भागातले गणपतीचे कारखाने मोजायचे आहेत असं समजा. एका कारखान्यात जायचं, आणखी कुणाकुणाला ओळखता विचारायचं, त्यांच्याकडे जाऊन पुन्हा तेच विचारायचं. नोडची मोजणी अशीच होते. २०१३ पासून चालू असलेलं ‘बिटनोड्स’ एकेका नोडला जोडून त्याच्याकडचे इतर नोडचे पत्ते मागतं. एका उत्तरात जास्तीत जास्त १,००० पत्ते येतात. त्यांतले पुष्कळ जुने, बंद पडलेले असतात. म्हणून प्रत्येक पत्त्यावर हाक मारून बघतात आणि ओ देईल त्यालाच मोजतात. अलीकडच्या वर्षांत ही संख्या साधारण १० ते २५ हजारांत राहिली आहे.

पण घरातल्या खोलीत, दार लावून मूर्ती करणारेही असतातच की! तसेच बाहेरून येणारी जोडणी न स्वीकारणारे नोड. ते स्वतः इतरांना जोडून घेतात, व्यवहार तपासतात. पण बाहेरून हाक मारली तर ती पोचतच नाही. त्यांचा अंदाज आडवळणाने काढावा लागतो, आणि तो धरला तर एकूण संख्या काही पटींनी वाढते.

गैरसमज : ठिपका जिथे, संगणक तिथे.

खरी गंमत इथे आहे. रोह्यात धाटावला कुणी घरच्या संगणकावर नोड सुरू केला असं धरू. इंटरनेट मोबाइलचं असेल, तर कंपनी एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवते. नोड उत्तम चालेल, पण नकाशावर येणार नाही. स्वतंत्र सार्वजनिक पत्ता घेतला आणि राउटरवर ८३३३ क्रमांकाचा पोर्ट उघडला, तर ठिपका उमटेल. पण तो रोह्याऐवजी मुंबईवर पडण्याची शक्यता मोठी, कारण आयपी पत्त्याला गाव चिकटवलेलं नसतं. कोणता पत्ता कुठला, याच्या याद्या खासगी कंपन्या अंदाजाने करतात. त्याने खरा आयपी पत्ता लपवणारं ‘टोर’ जाळं वापरलं, तर तो मोजला जाईल, पण त्याला देश नसेल. बिटनोड्सच्या मोजणीत अलीकडे निम्म्याहून जास्त नोड असेच आहेत. आणि जर्मनीतला सर्व्हर भाड्याने घेतला, तर धाटावचा हा माणूस जर्मनीच्या खात्यात जमा होईल.

याद्यांचा घोळ किती जाऊ शकतो? ‘अमेरिकेत आहे, पण नक्की कुठे ते माहीत नाही’ असे ६० कोटींहून जास्त पत्ते एका कंपनीच्या यादीत कॅन्ससमधल्या एकाच शेतावर दाखवले जात होते, हे २०१६ मध्ये उघड झालं. तिथल्या रहिवाशांच्या दारात वर्षानुवर्षं पोलीस येत राहिले होते.

केंब्रिज विद्यापीठाचा मायनिंगचा नकाशा वेगळा, पण तोही आयपी पत्त्यांवरच उभा. चीनने मायनिंगवर घातलेल्या बंदीनंतर २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्यात चीनचा वाटा शून्य दिसला आणि सप्टेंबरपासून पुन्हा सुमारे पाचवा हिस्सा. यंत्रं एका महिन्यात परत आली, हे पटणारं नाही. बहुधा काही काळ पत्ते लपवले गेले. आयर्लंड आणि जर्मनीचा वाटाही अशाच आडपडद्यामुळे फुगल्याचं केंब्रिजनेच नमूद केलं आहे.

गैरसमज : नोड जास्त, म्हणजे पैसे सुरक्षित.

भाड्याच्या सर्व्हरवर एकच माणूस शंभर नोड उभे करू शकतो. २००८ च्या मूळ निबंधातच, पत्त्यागणिक मत दिलं तर पुष्कळ पत्ते मिळवणारा बाजी मारेल, असं बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतोने लिहून ठेवलंय. म्हणून तिथे मत मोजलं जातं ते खर्च केलेल्या संगणन-शक्तीवर. नोड अनेक हातांत असणं मोलाचं आहेच, पण ते या आकड्यावरून सिद्ध होत नाही.

शिवाय जाळं शाबूत असणं आणि आपले पैसे शाबूत असणं, या दोन गोष्टींचा संबंध लावण्याआधी पुण्यात गाजलेलं गेनबिटकॉइन प्रकरण आठवावं. महिना १० टक्के परतावा, १८ महिने, असं आश्वासन होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी या योजनेचा सूत्रधार अमित भारद्वाजला अटक केली. त्या सबंध काळात बिटकॉइनचे नोड जगभर व्यवस्थित चालू होते. गुंतवणूकदारांची नाणी मात्र त्यांच्या स्वतःच्या ताब्यात नव्हती.